फुटाण्यांच्या अक्षता

तुम्ही तिकडे मुलांचं नाटक बघायला गेलात, मऊ खुर्च्यांत बसलात, मध्यंतरात मक्याच्या लाह्या खाल्ल्या आणि सशाचं सोंग घेतलेला एक थोराड माणूस तुमच्या शेजारून उड्या मारत गेला, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. आजीच्या वेळी असं काही होतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणे. होतं. ससा नव्हता, एवढाच फरक. मी ते सहकुटुंब एकदाच पाहिलं. तुमच्या आईलाही ते आठवतं, पण तिला त्यातलं फारसं कळलं नव्हतं, म्हणून मीच लिहिते.

आमचं गाव बुलढाण्याहून देऊळघाटच्या पुढे, नदीकाठी. शाळा चौथीपर्यंत. एकाच खोलीत चार वर्ग, चार भिंतींकडे तोंडं करून बसलेले, आणि मधे खुर्चीवर डुलक्या घेणारे एक गुरुजी. तुमची आई त्या साली चौथीत होती आणि उन्हाळ्यात तिची शाळा संपणार होती. पाचवीसाठी बुलढाण्याला जावं लागे. तिथे माझी नणंद राहत होती आणि पोरीला ठेवून घ्यायला तयार होती. तुमच्या आजोबांची हरकत नव्हती; हरकत घेण्याची त्यांना सवयच नव्हती. पण घरात शब्द चालायचा तो माझ्या सासूबाईंचा. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत, तेव्हा मीही त्यांना आत्याबाईच म्हणत असे. त्यांचा निकाल केव्हाच लागला होता.

"चौथी झाली, लय झालं. पोट्टीले आता भाकर येऊ दे."

मी अमरावतीला कॉलेजात इंग्रजी शिकले होते, पण त्या घरात त्याचा उपयोग एवढाच की, पाहुणे आले की आत्याबाई माझी ओळख करून देत, "हे आमची विंग्रजी शिकलेली सून. चहात साखर इसरते." अशा सुनेने मुलीच्या शिक्षणाचा विषय काढला की तो तिथेच मिटत असे. मी दोनदा काढला. दोन्ही वेळा मला गोठ्याकडे काहीतरी काम निघालं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन होतं, आणि नवीन राज्यात काहीतरी नवीन केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशी माणसं तालुक्या-तालुक्यात उगवली होती. बुलढाण्याच्या एका शाळेत मराठीचे एक मास्तर होते. ते कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला गेले आणि तिथून दोन गोष्टी घेऊन आले, पोटाचा विकार आणि बालरंगभूमी. पोटाचा विकार पुढे बरा झाला. मोठ्या शहरांत मुलांसाठी वेगळी नाटकं करतात, ती आपणही करायची, असं मनात घेऊन त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं, शाळेतल्या मुलींकडून बसवलं आणि एका रविवारी दुपारी शाळेच्या मैदानात ठेवलं.

ही बातमी तुमच्या आजोबांनी बाजारातून आणली तेव्हा मला वाटलं, हेच हवं होतं. माझ्या तोंडून शिक्षणाचं महत्त्व ऐकून आत्याबाई वळणार नव्हत्या. पण शाळेत जाणाऱ्या मुली स्वच्छ कपड्यांत, न घाबरता, शब्द न गिळता बोलताना त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिल्या तर कदाचित काही होईल. मी विचारलं. उत्तर आलं, "सोंगं पाहाले बाया जात नसतात." विषय संपला.

आणि मग पत्रिका आली. मास्तरांना मंडप भरायचा होता, म्हणून त्यांनी आसपासच्या गावांतल्या घरोघरी निमंत्रणं पाठवली. नाटक बाहुलीच्या लग्नाचं, तेव्हा निमंत्रणही लग्नपत्रिकेसारखं छापायचं, ही त्यांची कल्पना. वर गणपती, खाली चि. बाहुला आणि चि. सौ. कां. बाहुली, आणि गंमत पुरी व्हावी म्हणून चारही कोपऱ्यांना खरंखुरं हळदकुंकू लावलेलं. पुण्यात या विनोदाला कोणी हसलं असतं. आमच्याकडे हळदकुंकवाने विनोद करत नाहीत, हे त्या माणसाला इथेच जन्मून ठाऊक नसावं!

आत्याबाईंना वाचता येत नसे. त्यांनी पत्रिका उलटसुलट केली, कोपरे पाहिले आणि विचारलं, "कोणाचं लगन हाये?"

"लगन नाई, आई, नाटक हाये थे. बाहुलीचं लगन," तुमचे आजोबा म्हणाले.

"कुंकू खरं हाये ना?"

"कुंकू तं खरं हाये."

"मंग जाच लागते. कुंकू लागलेल्या पत्रिकेले कोणी नाई म्हणते का बावा?"

एवढ्यावर आमच्या घरची स्त्रीजात नाटकाला निघाली. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्यांना ते नाटक आहे हे पुन्हा आठवलं असतं.

आत्याबाईंनी नवरीसाठी खण काढला, नवऱ्यासाठी टोपी काढली. मी म्हटलं, "आत्याबाई, बाहुलीला खण कशाला?" त्या म्हणाल्या, "हात हलवत जाऊ का लगनाले?" यावर कोणत्याही कॉलेजात उत्तर शिकवत नाहीत. रविवारी सकाळी रेंगी जुंपली. रेंगी म्हणजे आमच्याकडची माणसं नेण्याची हलकी बैलगाडी. तुम्ही ज्याला हलकं म्हणता तसं तिच्यात काही नव्हतं. दशम्या, ठेचा, आणि वाटेत पोरीला भूक लागेल म्हणून फुटाणे-मुरमुऱ्यांची एक भली मोठी पुरचुंडी. तुमच्या आईने नवा परकर घातला होता आणि ती रस्ताभर विचारत होती की बाहुली खरंच चालते का.

बालनाट्याच्या मंडपात बालकांना कुठे बसवलं होतं, ते आधी सांगते. सगळ्यांत मागे. पुढे सोफे होते, ते अधिकाऱ्यांच्या घरून आणलेले आणि त्यांच्याच कुटुंबांसाठी. त्यामागे खुर्च्या, त्या गावोगावच्या प्रतिष्ठित मंडळींसाठी. त्यामागे सतरंज्या, एकीकडे पुरुष आणि एकीकडे बायका. आणि या सगळ्यांच्या मागे, दोरीपलीकडे, मुलं. त्यांना रंगमंच म्हणून जे दिसत होतं ते फेटे होते. मी तुमच्या आईला दोरीपलीकडे सोडली नाही; ती माझ्या मांडीवर उभी राहिली, आणि त्या दिवसाच्या आठवणींत माझ्या मांड्यांची आठवण ठळक आहे.

मग सत्कार झाले. हार घालणाऱ्याने ज्याला हार घातला त्यानेही परत याला हार घातला. नारळ फुटेना, म्हणून एकजण मागून दगड घेऊन आला. प्रमुख पाहुण्यांनी भाषण केलं. आजची मुलं उद्याचे नागरिक आहेत, हे त्यांनी सुरुवातीला सांगितलं, मधे सांगितलं आणि निरोप घेताना पुन्हा सांगितलं. उद्याचे नागरिक तोवर दोरीखालून बाहेर जाऊन धुळीत खेळायला लागले होते. आत्याबाई शांत बसल्या होत्या. लग्नाला उशीर होतोच, असं त्या मला समजावत होत्या.

अखेर पडदा वर गेला. अर्धा गेला, मग एका मोठ्या मुलीने तो हाताने ढकलून नेला.

नाटकात एक लहान मुलगी आपल्या बाहुलीचं मैत्रिणीच्या बाहुल्याशी लग्न ठरवते. बाहुली म्हणजे गालांना लाल रंग फासलेली, अकराएक वर्षांची एक मुलगी. बाहुला म्हणजे दुसरी मुलगी, काजळाच्या मिशा काढलेली. सगळ्याजणी मास्तरांसारखं बोलत होत्या, म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी हात पुढे करून. मधूनमधून त्या स्वच्छतेवर, सूतकताईवर आणि पालेभाज्यांवर बोलत. बाहुलीच्या लग्नात पालेभाज्या कशा शिरल्या हे मास्तरांनाच ठाऊक. मी आत्याबाईंकडे चोरून पाहत होते. पोरी बोलत होत्या, घाबरत नव्हत्या, आणि आत्याबाई पाहत होत्या. पाठांतरच होतं, पण खणखणीत होतं. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग लग्नाचा प्रवेश आला. हा प्रवेश अगदी खऱ्यासारखा करायचा, असा मास्तरांचा हट्ट होता, म्हणून त्यांनी लग्नात वाजवणारे सनई आणि संबळवाले आणले होते आणि मंगलाष्टकं म्हणायला आतल्या बाजूला एक खरे भटजी बसवले होते. सनई सुरू झाली. भटजींनी खणखणीत आवाजात पहिलं मंगलाष्टक धरलं.

आणि सतरंजीवरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि अक्षतांसाठी हात पुढे केले. अक्षता कोणी वाटलेल्या नव्हत्या. "अक्षता कोठी हायेत वं?" "काय लोकं हायेत बाई, लगनाले बलावते अन् अक्षता देत नाईत!" असं म्हणत त्यांनी आपापल्या पुरचुंड्या सोडल्या. आत्याबाईंनी आमची सोडली आणि माझ्या, तुमच्या आईच्या आणि शेजारच्या अनोळखी बायकांच्या ओंजळीत मुरमुरे-फुटाणे घातले. पहिल्या 'सावधान'ला थोडे पडले. दुसऱ्यापासून गारपीट. मुरमुरे सोफ्यापर्यंतच पोचत होते, पण फुटाणे थेट मंचावर जात होते. काजळाच्या मिशावालीच्या डोळ्यात एक गेला आणि ती डोळा चोळता चोळता मिशा गालभर पसरवून बसली. पुढच्या सोफ्यावरचे साहेब वळून वळून मानेमागून मुरमुरे काढत होते. भटजींना आतून काही दिसत नव्हतं, त्यामुळे ते अतिशय समाधानाने म्हणत राहिले.

शेवटचं 'सावधान' झालं, संबळ कडाडला, आणि पुरुषांची सतरंजी रिकामी व्हायला लागली. लग्न लागलं की माणूस काय करतो? पंगतीकडे जातो. वर्षानुवर्षं पाय त्याच वाटेने गेलेले.

"पंगत कोठी हाये बे?"

"मांगं असन. शाळंच्या मांगं. चाल लवकर, नाई तं दुसऱ्या पंगतीले बसा लागते."

तेवढ्यात मंचावर बाहुलीने मुंडावळ्या काढून फेकल्या, हात पुढे केला आणि म्हणाली, "मी लग्न करणार नाही! मला शाळेत जायचं आहे!"

नाटकाचा सगळा उपदेश या वाक्यात होता. मास्तरांनी त्यापुढे टाळ्या धरल्या असतील. त्याऐवजी मंडपभर कल्ला झाला. पंगतीकडे निघालेले पुरुष मागे फिरले. खुर्च्यांतून जानेफळकडचे एक फेटेवाले म्हातारे उभे राहिले आणि काठी आपटून म्हणाले, "अक्षता पडल्यावर नाई म्हणते! काऊन नाई म्हणते? कोणाची हाये हे पोट्टी? बापाले बलावा!"

"तिच्या बापाचं नाक कापलं हिनं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"हेच शिकवते वाट्टे शाळेत!"

मास्तर विंगेतून धावत आले. हात जोडून पुणेरी मराठीत म्हणाले, "रसिकहो, कृपया शांतता राखा, हा केवळ नाट्यप्रयोग आहे." रसिक कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. पोरगी पुढची वाक्यं विसरली. गालांचा लाल रंग ओघळायला लागला. तुमच्या आईने माझा पदर घट्ट धरला आणि विचारलं, "आई, तिले आता मारतीन का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. माझं लक्ष आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे होतं आणि माझ्या पोरीची पाचवी माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती. शाळेत गेलेली मुलगी भरल्या मांडवात, अक्षता पडल्यावर, लग्न मोडते, हे पाहायला मीच गप्प राहून त्यांना इतक्या लांब येऊ दिलं होतं. मास्तरांच्या त्या हळदकुंकवाच्या पत्रिकेला मी मनातल्या मनात इंग्रजीत शिव्या दिल्या. ती एकच भाषा आमच्या सतरंजीवर कोणाला कळली नसती.

आत्याबाई उभ्याच होत्या. त्यांनी पदर खोचला आणि ज्या आवाजात त्या शेताच्या दुसऱ्या टोकाच्या गड्याला हाक मारत, त्या आवाजात म्हणाल्या, "थांबा!"

कल्ला थांबला.

"अंतरपाट कोण धरला होता?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं.

"तुमाले इचारून राह्यली, मास्तर. नवरानवरीच्या मधात अंतरपाट होता का?"

"नाही... म्हणजे, प्रेक्षकांना दोघं नीट दिसावीत म्हणून..."

"अन् पोरीच्या मांगं मामा उभा होता?"

"मामाचं पात्र नाही यात, बाई."

"अंतरपाट नाई, मामा नाई," आत्याबाई जानेफळच्या म्हाताऱ्यांकडे वळल्या. "मंग लगन कोठी लागलं, दादा? नुसते फुटाणे फेकले तुमी आमी."

म्हातारे म्हणाले, "पण मंगलाष्टकं झाले ना, बाई!"

"मंगलाष्टकं तं पोपटालेही शिकवता येते. अंतरपाट नाई तं लगन नाई. तुमच्या घरी अंतरपाटाबिगर सून आणली का तुमी? आणली असन तं सांगा."

मंडप खो-खो हसला. म्हातारेही हसले आणि खाली बसले. घरच्या सुनेचा प्रश्न निघाल्यावर उभं राहून चालणार नव्हतं. आत्याबाई मंचाकडे वळल्या. "लगन लागलं नाई. पोट्टीचं काई चुकलं नाई. बोल वं माय, तुले काय बोलाचं थे बोल. कोणी काई करत नाई तुले."

आणि पोरगी बोलली. शिक्षणाविषयी, राष्ट्राविषयी, पुन्हा एकदा पालेभाज्यांविषयी, एका दमात, हात पुढे न करता. भाषण टाकाऊ होतं. पण आत्याबाईंनी ते शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं, म्हणून बाकीच्या बायकाही उभ्या राहिल्या, आणि बायका उभ्या म्हणून पुरुषांना बसता येईना. नाटकाच्या इतिहासात इतक्या आदराने इतकं वाईट भाषण क्वचितच ऐकलं गेलं असेल. मास्तर विंगेत डोळे पुसत होते. नाटक यशस्वी झालं असं त्यांना वाटलं असावं.

पडदा पडल्यावर मी विचारलं, आहेराचं काय? "लगनच नाई, तं आहेर कायचा?" म्हणत त्यांनी खण आणि टोपी परत पिशवीत घातली.

परतीच्या वाटेवर तुमची आई माझ्या कुशीत झोपली. त्या दिवशी पोरीची बाजू घेतली म्हणून आत्याबाईंचं मत बदललं, असं मानायला मी काही मास्तर नव्हते. त्यांनी न्याय दिला होता तो रीतीला धरून. शाळेशी त्याचा संबंध नव्हता. तरी देऊळघाट मागे पडल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही नसता तर त्या पोरीचं काही खरं नव्हतं."

बैलांकडे पाहत त्या म्हणाल्या, "माह्या लगनात समदं होतं. अंतरपाट होता. मामा होता. कडेवर घेऊन उभा होता, मी एवढुशी होती. पण मले कोणी इचारलं नोतं, बोल म्हणून."

तुमचे आजोबा बैलांना उगाच काहीतरी म्हणाले. त्या पुन्हा बोलल्या ते गाव दिसायला लागल्यावर, आणि नेहमीच्या आवाजात, "इतके शिकलेले लोकं, अन् एकाले अंतरपाट माहीत नाई. काय शिकवत असतीन तं देव जाणे!"

पुढच्या आठवड्यात मास्तर स्वतः आमच्या गावी आले. कोणाच्या तरी सायकलवर, धुळीने माखून, आत्याबाईंचे आभार मानायला. ओसरीवर बसून ते बालरंगभूमी आणि प्रेक्षकांचा सहभाग यावर बोलत राहिले. प्रेक्षक नाटकात सामील व्हावेत असं परदेशातही चाललं आहे, असं ते म्हणाले. आत्याबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या शाळेत पाचवी हाये ना?"

"आहे ना. पाचवीपासूनच आहे आमची शाळा."

"आमची नात येईन उन्हाळ्याच्या नंतर. पोरीकडं राहीन माह्या." माझ्याकडे न पाहता त्या हे म्हणाल्या, जणू ते केव्हाचं ठरलेलं होतं. मग बोट उगारलं. "पण एक गोष्ट आइकून ठेवा, मास्तर. तिले पाढे शिकवाचे. हिशेब शिकवाचा. पायजे तं विंग्रजी शिकवा, इच्या माईसारखं. पण हे सोंगं तिले कराले लावाचे नाईत. लावले, तं मी येईन तुमच्या मांडवात, अन् अंतरपाट घेऊन येईन."

मास्तरांचा चेहरा पडला. पुढच्या नाटकासाठी त्यांना मुली हव्या होत्या, आणि तुमच्या आईचा आवाज त्यांनी ओसरीवरच ऐकला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शिकलेली बाई आहे, काहीतरी रदबदली करील, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचं नाटक मी पाहिलेलं होतं.

"बरं, आजी," ते म्हणाले. "शब्द दिला."

"मंग चहा घ्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि मला आत पाठवताना हळूच बजावलं, "साखर टाक बरं!"